कानस तीच आहे

परवा सांगली-मिरज सिटी बसमध्ये एक जुना ओळखीचा माणूस भेटला. कुपवाड एमआयडीसीत आमच्या शेजारच्या शेडमध्ये फिटर होता. बोलता बोलता त्यानं विचारलं काय करतोस सध्या, मी म्हणलं मिरजेत तंबोरे बनवतोय. तो जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला आणि मग म्हणला, "पोट भरतंय का त्याच्यावर?" वाईट हेतूनं विचारलं नव्हतं, त्याचं स्वतःचं काम दिवाळीपासनं बंद आहे, त्यामुळं तो प्रश्न खरा होता. मी म्हणलं सगळं नाही भरत अजून, अर्धं भरतं. तेवढ्यात विश्रामबाग आलं, तो उतरला, उतरताना म्हणला एकदा सावकाश सांग मला. त्या दिवसापासनं डोक्यात तेच आहे, म्हणून इथं सावकाश लिहितोय.

मी पॅटर्नमेकर. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या पार्टचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, तो वाळूत दाबायचा, मग वाळूत जी पोकळी राहते त्यात रस ओतायचा. तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. पंपाची बॉडी, गिअरचं हाऊसिंग, व्हॉल्व्ह, असलं सगळं मी २४ वर्षं सागवानात कोरलं. आमची पट्टीसुद्धा वेगळी असते बरं का, तिला काँट्रॅक्शन स्केल म्हणतात. ओतीव लोखंड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर, म्हणून आमच्या पट्टीवरचा मीटर मुळातच तेवढा मोठा असतो. जे पुढं कमी होणार आहे ते आधीच धरून चालायचं. शिवाय पॅटर्न वाळूतनं अलगद सुटायला पाहिजे म्हणून कडांना किंचित टेपर द्यायचा, कोपरे गोल करायचे. हे सगळं हातात इतकं मुरलेलं की दुकानात टेबल बघितलं तरी बोट आपोआप कडेवरनं फिरायचं.

२०१९ ला गाड्यांचा बाजार बसला तसा आमच्या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांना दणका बसला. तीन शिफ्टच्या दोन झाल्या, दोनाची एक. त्याच ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, अर्धी सांगली पाण्यात. त्यातनं सावरतोय तोवर लॉकडाऊन. आणि त्यातनं बाहेर आलो तोवर मालकांनी ठरवलेलं की पॅटर्न आता बाहेरनं सीएनसीवर करून आणायचे. काँप्युटरवर ड्रॉइंग टाकलं की मशीन ॲल्युमिनियम नाहीतर रेझिनच्या ठोकळ्यातनं पॅटर्न कोरून देतं, वेळ कमी, फरक शून्य. २०२१ च्या मे महिन्यात माझा हिशेब झाला. पैसे नीट दिले, बोलले पण चांगलं, त्यांच्यावर माझा राग नाही. माझं वय तेव्हा ४७. घराचे हप्ते अजून सात वर्षांचे बाकी, मुलगी अकरावीत.

पहिले तीन-चार महिने काय झालं ते थोडक्यातच सांगतो कारण ज्याचं काम गेलंय त्याला ते सगळं माहीत असतं. चार ठिकाणी गेलो, चारी ठिकाणी विचारलं सीएनसी प्रोग्रॅमिंग येतं का. मग एका इंटिरियरवाल्याकडं मॉड्युलर किचनच्या कामाला लागलो, प्लायवूड कापायचं, सनमायका चिकटवायचा, बिजागऱ्या मारायच्या. कामाला नाव ठेवत नाही, त्यानंच घर चाललं, आजही निम्मं त्याच्यावरच चालतं. पण संध्याकाळी घरी आल्यावर हात कसे तरी व्हायचे, म्हणजे दमलेले नसायचे आणि तेच बिघडलेलं होतं. दिवसभर काम करून हात दमत नाहीत ही गोष्ट मला फार लागली. बायकोच्या लक्षात आलं. ती म्हणली, "अहो, तुम्ही जेवताना ताटाची कड सारखी चाचपताय."

आता तंबोऱ्याकडं कसा आलो ते. आमच्या खालच्या मजल्यावर एक गाण्याच्या बाई राहतात, आम्ही सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतो. एकट्याच असतात, आयुष्यभर गावभागातल्या मुलींना गाणं शिकवलं. महापुरात त्यांना आम्ही बोटीत बसवून बाहेर काढलं तेव्हा त्यांचा तंबोरा कपाटावर ठेवला होता, वाटलं होतं तिथवर पाणी येणार नाही. दहा दिवसांनी दार उघडलं तर तंबोरा चिखलात पडलेला आणि त्याचे भाग भाग सुटलेले, दांडी एकीकडं, तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी पाटी एकीकडं, भोपळ्यावर बुरशी. बाईंना दुसऱ्या सामानाचं काही वाटलं नाही, त्या खुर्चीवर बसून फक्त त्या भागांकडं बघत होत्या. मी ते सगळे पुसून चादरीत बांधले आणि बाईंना घेऊन मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. ज्यांच्याकडं नेलं त्यांना मी आता चाचा म्हणतो. त्यांनी चादर सोडली, दांडीचा सांधा बोटानं बघितला आणि म्हणले, बरं झालं सरसानं जोडलेला होता. सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद, तो पाण्यात विरघळला, सांधा सुटला, लाकूड वाचलं. हल्लीच्या गोंदानं चिकटवलेला असता तर लाकूड फाटलं असतं पण सांधा सुटला नसता.

आमच्याकडं पण जुने पॅटर्नमेकर सरसच वापरायचे हो. मी ते बोललो आणि खाली वाकून सांध्याची खाच बघायला लागलो, तेव्हा चाचांनी माझ्याकडं नाही, माझ्या हाताकडं बघितलं. विचारलं, कुठं काम करता? तेवढंच. दोन वर्षांनी काम गेल्यावर मला त्यांचं ते बघणं आठवलं आणि एका रविवारी मी न सांगता मिरजेला गेलो.

चाचा म्हणले, पैसे देऊ शकत नाही. खरंच नव्हते त्यांच्याकडं. लॉकडाऊनमध्ये देशभरातले क्लासेस बंद, मैफली बंद, आणि शिकणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप फुकट. त्यांचा एक मुलगा दुसऱ्या धंद्यात गेलाय. मी म्हणलं पैसे नकोत, सकाळी साडेसात ते बारा येतो, दुपारनंतर माझं किचनचं काम असतं. घरी हे सांगितलं तेव्हा भांडण झालं, ते लपवून काय करायचं. बायको फॉल-पिको करते, रात्री अकरापर्यंत मशीन चालतं तिचं, आणि मी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून बिनपगारी काम शिकायला जाणार. ती म्हणली, "छंद करायचे दिवस आहेत का हे?" मी काही उत्तर दिलं नाही कारण तिचं बरोबर होतं. दोन दिवसांनी तीच म्हणली, सहा महिने बघा, सहा महिन्यांनी आपण हिशेब करू. त्या सहा महिन्यांसाठी मी तिचा कायमचा ऋणी आहे.

भोपळ्यापासनं सुरुवात. तंबोऱ्याचा भोपळा आपल्या भाजीचा नाही, हा कडू भोपळा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतो, भीमेच्या पट्ट्यातले शेतकरी खास वाद्यांसाठी लावतात. कडू असतो म्हणून कीड कमी लागते असं चाचा म्हणतात. वाळल्यावर तो इतका हलका होतो की पहिल्यांदा उचलला तेव्हा मी जोर जास्त लावला आणि तो हातातनं उडाल्यासारखा वर आला. मग तो पाण्यात भिजवायचा, तोंड कापायचं, आतनं बिया आणि गर खरवडून काढायचा, आणि तोंड पाहिजे तेवढं रुंदावायला आत बांबूच्या काड्या अडकवून वाळवायचा. त्याच्यावर तुणीच्या लाकडाचा गळा बसतो, गळ्याला दांडी, भोपळ्याच्या तोंडावर तबली. एक भोपळा दुसऱ्यासारखा नसतो. २४ वर्षं मी ड्रॉइंगप्रमाणं काम केलं, ड्रॉइंगमध्ये लिहिलंय ते लाकडानं मानायचं. इथं उलटं, भोपळा जसा आलाय तसा गळा करायचा. पहिला गळा मी फूटपट्टी लावून केला, सगळी मापं बरोबर आणि तरी भोपळ्यावर बसेना. चाचा म्हणले, "अरे बाबा, आधी भोपळ्याला विचार की." पट्टी त्यांनी माझ्या हातातनं काढून घेतली आणि फळीवर ठेवली. महिनाभर मला पट्टी मिळाली नाही.

पण हातातलं काही वाया गेलं नाही, हे मला बसमधल्या त्या मित्राला मुद्दाम सांगायचंय. पटाशी धरायची सवय, लाकडाची शीर बघून रंधा मारणं, कडेचा गोलावा बोटानं ओळखणं, सगळं कामाला आलं. माझी आठ इंची बारीक कानस, जिनं मी पंपाच्या इम्पेलरची पाती घासायचो, तीच आज जवारीला चालते. आपण शून्यापासनं सुरू करतोय असं वाटायचं तेव्हा मी त्या कानशीची मूठ बघायचो, माझ्या अंगठ्याचा खड्डा पडलाय तिच्यात.

जवारीबद्दल जरा नीट सांगतो. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरनं जातात ती घोडी. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो पण सपाट नसतो, त्याला अगदी किंचित उतार-गोलावा असतो, तार छेडली की ती त्या पृष्ठभागाला घासत घासत हलते आणि त्या घासण्यातनं तो गुंजणारा, भरलेला आवाज निघतो. ती जवारी. घोडी पूर्वी हाडाची नाहीतर सांबरशिंगाची असायची, आता सिंथेटिकची पण करतात. तार आणि घोडीच्या मधे सुताचा एक दोरा सरकवतात, तो केसभर इकडंतिकडं केला की आवाज उघडतो नाहीतर मिटतो. काम काय, तर तार लावायची, ऐकायची, तार उतरवायची, कानशीचे दोन हात मारायचे, परत चढवायची, सुरात लावायची, दोरा सरकवायचा, ऐकायचं. तार जिथं घासते तिथं एक चकचकीत रेघ पडते, ती उजेडात तिरकी धरून बघायची. एक हात जास्त पडला की संपलं, परत सगळी पातळी खाली घ्यायची. पाच महिने मला नुसतं ऐकायला बसवलं. चाचा जवारी काढायचे, मी ऐकायचो. विचारायचे, उघडली का? मी म्हणायचो हो. ते म्हणायचे नाही.

मग एक दिवस, थंडीचे दिवस होते, गल्लीत पाणी यायची वेळ, बाहेर घागरींचा आवाज, आणि चाचांनी एका तंबोऱ्यावर दोरा सरकवला आणि मला अचानक गांधार, म्हणजे सा रे ग मधला ग, ऐकू आला. तंबोऱ्याला तारा चार, पंचम म्हणजे प, जोडीच्या दोन षड्जाच्या म्हणजे सा च्या, आणि खर्ज म्हणजे खालचा सा. गांधाराची तार नाहीच. पण खर्जाची तार चांगली लागली आणि जवारी खुली असली की त्या तारेच्या पाचपट कंपनांचा स्वर तिच्यातनंच वर येतो, त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. बाईंनी मला हे नाव सांगितलं होतं, मी मान डोलावली होती, पण ऐकला नव्हता कधी. मला गाण्यातलं काही कळत नाही, वडील भजनी मंडळात टाळ धरायचे एवढंच. पण तो स्वर आला आणि माझ्या अंगावर काटा आला, मी चाचांना नुसतं बोटानं वर दाखवलं. ते हसले. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा कानस माझ्या हातात दिली. ४८ व्या वर्षी मला एक नवीन गोष्ट ऐकू यायला लागली होती, जी आधीही कानावर पडतच असणार.

दुपारी डबा खाताना चाचा जुनं बोलायचे. मिरजेत हे काम आलं कसं, तर शिकलगारांकडनं. तलवारी, भाले, हत्यारांना धार लावणारी, घडवणारी ही मंडळी. संस्थानांच्या लढाया संपल्या, इंग्रजांचं राज्य पक्कं झालं, हत्यारांना गिऱ्हाईक राहिलं नाही. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यांची दुरुस्ती करता करता स्वतः वाद्यं घडवायला घेतली, आणि त्यातनं पुढं ही अख्खी गल्ली उभी राहिली. मी मिरजेपासनं दहा किलोमीटरवर जन्मलो आणि मला हे माहीत नव्हतं. घास खाली ठेवून मी ते ऐकलं. तलवारीचं काम गेलेला माणूस सतार बनवतो. त्याच्या घरी पण कुणीतरी विचारलं असेल की हे काय चाललंय. त्याला माहीत नसणार की पुढं अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे मोठे गायक मिरजेत राहतील, दर्ग्याच्या उरसात गायक हजेरी लावतील, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळेल. त्याला फक्त एवढं माहीत असणार की हातात हत्यारं आहेत आणि काम नाही.

त्यानंतर मला आपल्या भागाकडं बघायची वेगळीच नजर आली. विष्णुदास भावेंचं घ्या. दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन येतो, १८४३ चं सीतास्वयंवर आपल्याला शाळेपासनं पाठ आहे, पण सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब, ज्यांच्या आश्रयावर ते नाटक झालं ते १८५१ मध्ये गेले आणि दरबारचा आधार सुटला, हे कुणी जोर देऊन सांगत नाही. भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले, १८५३ ला मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. राजाचं गिऱ्हाईक गेलं म्हणून लोकांचं गिऱ्हाईक शोधावं लागलं. ते लाकडाच्या बाहुल्या पण बनवायचे, म्हणजे हात लाकडातला, म्हणून मला ते जास्तच जवळचे वाटतात. आणि किर्लोस्करवाडी तर आमच्या धंद्याचं मूळ. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांचं वय चाळिशीचं होतं, १९१० ला औंधच्या राजांनी कुंडल रोडजवळचा माळ दिला, तिथं कारखाना उभा केला. निवांत वेळ आहे, चार पैसे साठलेत, आता काहीतरी नवं करू, असं यांच्यापैकी कुणाचंच नव्हतं.

म्हणून कुणी मला म्हणतं ना, की छान, छंद जोपासलात, तेव्हा मला वाईट वाटतं. छंद रिकाम्या वेळात करतात. ४७ व्या वर्षी माझ्याकडं रिकामा वेळ नव्हता, हप्ते होते. आपल्याकडं असं धरूनच चालतात की काहीतरी घडवायचा आनंद घ्यायचा तर एकतर विशीत घ्या नाहीतर रिटायर झाल्यावर, मधल्या तीस वर्षांत फक्त कमवा. मी हे मानत नाही. मधल्या वयातच हाताला खरी समज आलेली असते, लाकूड कुठं फाटेल हे विशीतल्या पोराला नाही कळत. आणि पैशाची ओढ असली की माणूस कामाशी खोटं बोलत नाही, कारण खोट्या जवारीचा तंबोरा परत येतो.

पण हेही तितकंच खरं की हे सगळ्यांना जमण्यासारखं नाही. माझ्या घरी एक मशीन रात्री अकरापर्यंत चालू होतं म्हणून मला सकाळचे चार तास मिळाले. ज्याच्या घरी एकच कमावता आहे त्याला मी उठून असं कर म्हणणार नाही. त्यानं दिवसातला एक तास तरी स्वतःच्या हाताला द्यावा एवढंच म्हणेन, तेही दबकत.

सहा महिन्यांनी हिशेब केला ठरल्याप्रमाणं. तोवर चाचा आठवड्याला दीड हजार द्यायला लागले होते. बायकोनं वहीत लिहिलं, तिच्या पिकोचे, माझ्या किचनचे, भोपळ्याचे. भोपळ्याचे असंच लिहिते ती अजून. बेरीज जुन्या पगाराच्या निम्म्यापेक्षा थोडी जास्त आली. तिनं वही मिटली आणि म्हणली, "अजून सहा महिने बघू." असे आता आठ वेळा झालेत. मागच्या वर्षी मुलीनं स्वतःहून तंबोऱ्याचे फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकले, त्यातनं पुण्याच्या आणि धारवाडच्या दुरुस्त्या आल्या. मानांकन मिळालं म्हणून पेटीत लगेच पैसे पडत नाहीत, पण फोनवर विचारणारा माणूस आधी "मिरजेचाच ना?" असं विचारतो, तेवढा फरक पडलाय.

बाईंचा तंबोरा. तो चाचांनी २०१९ ला जोडून दिला होता, भोपळा नवा घालून. पण जवारी तेव्हापासनं बाईंच्या मनासारखी नव्हती, त्या कधी बोलल्या नाहीत. गेल्या महिन्यात त्यांनीच मला हाक मारली, "अरे, आता तू बघ जरा." मी चाचांना विचारून तंबोरा नेला, चार दिवस घेतले, एकट्यानं जवारी काढली. काल संध्याकाळी परत आणून दिला. बाईंनी मांडीवर घेतला नाही, आता बसवत नाही त्यांना खाली, खुर्चीला टेकवून उभा धरला आणि डोळे मिटून छेडत राहिल्या. खूप वेळ. लाईट गेली मधे, तरी थांबल्या नाहीत. मग म्हणल्या,

"खर्ज सुंदर झालाय. दोन्ही जोड उघडल्यात. पंचम अजून थोडा बंद आहे बघ."

मी परत ऐकलं. बरोबर होतं त्यांचं. आज सकाळी परत मिरजेला घेऊन आलोय, जुन्या चादरीत बांधून, आणि पंचमाची तार उतरवून ठेवलीय. चाचा नमाजाला गेलेत, ते यायच्या आत दोन हात मारून बघतो.